नालबंद जैतूनखाला

जैतूनखाला बैलाला 'अहो' म्हणते आणि माणसाला 'अरे'. माणूस कितीही मोठा असो आणि बैल कितीही हाडकुळा असो, यात फरक पडत नाही.

उंबरझिरीत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ती एका आडव्या पाडलेल्या बैलाच्या पायाशी उकिडवी बसली होती. हातात हातोडी, तोंडात चार खिळे. ते खिळे न हलवता ती म्हणाली, "जरा पाय सैल सोडा, मालक. बस, झालंच आता." मला वाटलं, बैलाच्या मालकाशी बोलतेय. तो बिचारा दोर ताणून धरून घामाघूम झाला होता. त्याच्याकडं वळून ती खेकसली, "तू कामून ढिला सोडून राह्यला रे? धर की बराबर!" तेव्हा कुठं मला उलगडलं की 'मालक' म्हणजे बैल.

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. लोक डॉक्टर म्हणतात, मी त्यांना अडवत नाही. माझा दवाखाना डोंगराच्या पायथ्याला, पिंपळगाव रेणुकाईहून मोटारसायकलनं अर्ध्या तासावर. अकरा गावं आणि एक वाडी माझ्याकडं आहे. ती वाडी म्हणजे उंबरझिरी. आपला जालना जिल्हा जिथं संपत येतो तिथं डोंगराच्या खांद्यावर पस्तीस-चाळीस घरं. शेवटच्या घरामागून अभयारण्याची हद्द सुरू होते, तिथं सिमेंटचे खांब रोवलेत. वाडीतले लोक त्या सगळ्या जंगलाला 'पारक' म्हणतात. कधीकाळी कुणीतरी नॅशनल पार्क म्हटलं असणार, त्यातलं निम्मं यांनी ठेवून घेतलं. बिबट्या पारकातला, डुक्कर पारकातलं, आणि मोबाइलची रेंज आली तर तीही पारकाकडून आली.

वाडी बहुतेक धनगरांची. पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारे, आता शेती करणारे. मुसलमानाचं घर एकच, खालाचं. तिचे यजमान कादरभाई आसपासच्या गावांतल्या बैलांना नाल मारायचे. डोंगराची वाट सगळी खडकाची, नाल नसला तर बैलाचे खूर महिन्यात झिजतात. खाला दोर धरायची, कादरभाई ठोकायचे. पुढं त्यांची नजर अधू झाली तेव्हा दोर त्यांनी धरला आणि हातोडी हिनं घेतली. ते गेले, हातोडी तिच्या हातात राहिली. बाई नाल मारते म्हणून सुरुवातीला लोक हसले. पण बैल लाथ मारेनात, म्हटल्यावर लोकांनी हसणं सोडलं.

"जनावराला इज्जत दे, ते पाय देतं," ती मला सांगायची. "माणसाला कितीबी इज्जत दे, तो खुर्चीच मागतो."

तिच्या बोलण्याचे काही नियम होते. गावातल्या बैलांशी ती मराठीत बोलायची आणि स्वतःच्या शेळीशी घरातल्या बोलीत. मी एकदा कारण विचारलं. तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी नोकरीला लायक आहे की नाही याचीच तिला शंका आली असावी. "मराठी घरचे बैल हायेत ते. त्यायला उर्दू कसं कळंल?"

आदराची ही यादी गोठ्यापाशी थांबत नव्हती. बिबट्यालाही ती 'ते' म्हणायची. एकदा सुदामआप्पाच्या घरी सुनेचे वडील मुक्कामाला आले होते. सुदामआप्पा म्हणजे वाडीतला जुना शेतकरी, खालाचा शेजारी. सकाळी खाला ओट्यापाशी आली आणि म्हणाली, "काल ते आल्ते. दोन कोंबड्या घेऊन गेले. जाताना या पाहुण्याच्या खाटंपाशी थांबून बघून गेले." पाहुण्यांना वाटलं, गावात कुणी दांडगा पुढारी आहे, त्यानं रीतसर येऊन कोंबड्या उचलल्या. "मग तुम्ही तक्रार का करत नाही?" त्यांनी विचारलं. "कुणाची तक्रार? त्यायचीच जागा हाय ही," खाला म्हणाली. 'ते' कोण हे कळल्यावर पाहुणे दुपारच्या आत डोंगर उतरले.

दुसऱ्यांदा फजिती झाली ती जंगल खात्याच्या एका मोठ्या साहेबाची. बिबट्यापासून काळजी कशी घ्यायची हे सांगायला ते जीप घेऊन आले. वाटेत खालाची शेळी उभी होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. खाला हातोडी घेऊनच पुढं आली. "हारन नक्को मारू! गाभण हायेत त्या. तू जरा थांब, त्या बाजूला होतील." साहेब पाच मिनिटं थांबले. शेळी आपल्या सवडीनं गेली. मग साहेबांचं भाषण झालं. शेवटी त्यांनी विचारलं, "काही शंका?" खाला म्हणाली, "तू चांगला बोलतोस. खाली बसून बोलला असतास तर पाय दुखले नसते."

माझ्याशीही तिचं असंच होतं. लसीकरणाच्या दिवशी मी वाडीत शिरलो की ती माझ्याआधी गोठ्यात हजर. मी सुई बाहेर काढली की गाईच्या कानाशी जाऊन सांगायची, "जरासं टोचंल हां. पोरगा नवा हाय." मला या नोकरीत एकोणीस वर्षं झाली आहेत.

काम असो-नसो, ती रोज सगळे गोठे फिरायची. कुणाचा खूर फाटला, कुणाच्या डोळ्याला पाणी येतं, कोण दोन दिवस रवंथ करत नाही, हे तिला माझ्या नोंदवहीपेक्षा जास्त ठाऊक. एका गोठ्यात चहा, दुसऱ्यात भाकरी. सुदामआप्पाच्या गोठ्यात तिचा मुक्काम सगळ्यात लांबायचा, कारण तिथं हौश्या होता.

हौश्या म्हणजे सुदामआप्पाचा पांढरा बैल. वय झालेला, डावं शिंग थोडं खाली झुकलेलं. खालाच्या लेखी तो 'हौशेराव'. कादरभाईंनी आयुष्यात शेवटचे नाल त्यालाच मारले होते. सगळे बैल पाडून, पाय बांधून नाल मारावे लागतात. हौश्या मात्र खालाला उभ्यानं पाय द्यायचा. मी हे स्वतः पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. ती वाकून म्हणायची, "द्या, हौशेराव," आणि ते धूड पाय उचलायचं. सुदामआप्पा म्हणायचा, "आयला, मला त्यानं कधी कान बी धरू दिला न्हाई."

मग लम्पीची साथ आली.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना सांगतो. जनावराच्या अंगभर गाठी उठतात, ताप चढतो, पाय सुजून खांबासारखे होतात, गाठी फुटून जखमा होतात. माशा, डास, गोचिड्या यांच्यामुळं रोग या जनावरातून त्या जनावरात जातो. माझी अकराही गावं पेटल्यासारखी झाली. मी पहाटे निघायचो, अंधार पडल्यावर परतायचो. त्या वर्षी पोळ्याची मिरवणूकसुद्धा नव्हती. एरवी पोळ्याच्या आधी आठ दिवस खालाला श्वास घ्यायला सवड नसायची. खूर तासायचे, शिंगं साळायची. या खेपेला बैल घरातच उभे.

उंबरझिरीत शाळेच्या ओट्यावर मी बैठक घेतली. गोठ्यात धूर करा, आजारी जनावर वेगळं बांधा, असं सगळं सांगितलं. आणि म्हणालो, "बाहेरच्या माणसाला गोठ्यात येऊ देऊ नका. एकाची हत्यारं दुसऱ्याच्या जनावराला लावू नका."

सुदामआप्पानं विचारलं, "म्हंजी नाल मारायला येत्यात, त्यायला बी?"

खाला समोरच बसली होती, बायकांच्या पुढच्या रांगेत. माझं तिच्याकडं लक्ष होतं. मला म्हणता आलं असतं की हत्यारं उकळून घेतली, हात धुतले, तर खालाला अडवायचं कारण नाही. उलट तिची नजर या वेळी तुम्हाला उपयोगी पडेल. हे मला ठाऊक होतं. पण मी चार गावं करून आलो होतो, अजून दोन बाकी होती, आणि एकाला सूट दिली की दहा प्रश्न येतात. मी वहीत बघत म्हणालो, "कुणालाच नाही."

खाला उठली. साडीला लागलेली माती झटकली आणि निघून गेली.

तिला कुणी एका शब्दानं बोललं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून गोठ्यांच्या फाटकांना तारा बांधल्या गेल्या. ती नेहमीसारखी निघायची, पण वाटेवरच उभी राहायची. कुंपणावरून विचारायची, "हौशेराव, बरं हाय का?" हौश्या कान हलवायचा. आतून कुणीतरी म्हणायचं, "खाला, पुढं व्हा आता."

चार दिवसांनी मी वाडीतून जात होतो. खालानं भर वाटेत तीन दगडांची चूल मांडली होती. त्यावर तेलाचा रिकामा डबा, डब्यात पाणी, आणि पाण्यात हातोडी, पक्कड, खूर तासायची सुरी. ती मोठ्यानं म्हणत होती, "बघा रे सगळे, उकळून राह्यले! बराबर उकळून राह्यले!" बघायला कुणीच नव्हतं. दारं लोटलेली होती. मला पाहून ती उभी राहिली. पलीकडच्या गावात दोन गाई पडल्याचा फोन आला होता. मी गाडीवरूनच हात केला आणि पुढं गेलो.

त्यानंतर आठवडाभरात हौश्या आजारी पडला. अंगावर गाठी, पुढचा उजवा पाय सुजलेला, तोंडात फोड. सुदामआप्पाकडं आणखी एक बैल, दोन गाई आणि एक वासरू होतं. वेगळं बांधायला जागा नव्हती. कुणीतरी सल्ला दिला की एक घरात ठेवशील तर पाची जातील. एका सकाळी उजाडताच सुदामआप्पानं हौश्याला हळूहळू चालवत डोंगरावर नेलं. हद्दीच्या खांबांच्या जरा पलीकडं, अंजनाच्या झाडाखाली उभा केला. कडब्याच्या दोन पेंढ्या पुढं टाकल्या. दावं सोडलं आणि परत आला.

खाला रोजच्या वेळेला कुंपणापाशी आली. हौश्याची जागा रिकामी होती.

"सुदाम, हौशेराव कुठं हायेत?"

सोडलेलं दावं अजून त्याच्या हातातच होतं. तिनं ते पाहिलं आणि डोंगराकडं वळली.

मला फोन आला तो दुपारी, वनरक्षक पल्लवीचा. पल्लवी त्या भागात नवीन लागलेली, कडक शिस्तीची मुलगी. तिचा आवाज रडवेला झाला होता. "सर, इथं हद्दीत एक आजारी बैल पडलाय आणि एक म्हातारी त्याच्यापाशी बसलीय. ऐकतच नाही. मला 'तू' म्हणते आणि बैलाला 'अहो'. मला पाणी आणायला पाठवलं तिनं, सर, आणि मी आणलंसुद्धा."

मी वर पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. अंजनाच्या विरळ सावलीत हौश्या पडला होता. कादरभाईंची काळी छत्री त्याच्या तोंडावर धरून खाला बसली होती. ओला पदर त्याच्या मानेवर. बाजूला गोवरी आणि कडुलिंबाचा पाला धुमसत होता, माशा लांब राहाव्यात म्हणून. पल्लवी म्हणत होती, "आजी, इथं आग लावायला परवानगी नाही."

"आग कुठं हाय? धूर हाय हा," खाला म्हणाली. "पेटली तर सांग, मी विझवते."

मी बैल तपासला. ताप खूप होता. श्वास घ्यायला त्रास होत होता. इंजेक्शनं दिली, जखमा धुतल्या. तिनं हात लावायच्या आधी मला आपले हात दाखवले, पुढून आणि मागून, धुतलेले. मी काही विचारलं नव्हतं.

"खाला, आशा कमी आहे," मी म्हणालो.

तिनं मला बाजूला व्हायची खूण केली. दहा पावलं चालून गेल्यावर हळूच म्हणाली, "त्यायच्या समोर नक्को बोलू. कळतं त्यायला."

ती दोन रात्री तिथंच राहिली. जंगलाच्या चौकीवरचा माणूस आणि पल्लवी तिच्यासोबत बसली. मी दिवसा येऊन इंजेक्शन देत होतो. नेहमीची गावं होतीच, पण या खेपेला मी उंबरझिरी आधी करायचो. पल्लवी आता घरून दोन भाकरी जास्त आणायला लागली होती. मला म्हणाली, "सर, ती रात्रभर त्याच्याशी बोलते. कुठल्या गावचे बैल कसे होते, कुणाच्या गाईला जुळं झालं. आम्ही ऐकत बसतो. झोपच येत नाही."

दुसऱ्या दिवशी सुदामआप्पा आला. डोक्यावर हिरव्या गवताचा भारा, हातात पाण्याची कॅन. बैलापासून लांब उभा राहिला. त्याच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं. सुनेनं मला नंतर सांगितलं, त्या सकाळपासून त्यानं ताटाला हात लावला नव्हता.

"लांब कामून उभा?" खाला म्हणाली. "ये इकडं. तुझ्याकडंच बघून राह्यलेत ते."

सुदामआप्पा येऊन हौश्याच्या डोक्याशी बसला. गवताची एक काडी त्यानं त्याच्या ओठांना लावली. हौश्यानं ती घेतली नाही, पण मान सरकवून सुदामआप्पाच्या मांडीला टेकवली. तो साठीचा माणूस लहान मुलासारखा रडायला लागला. "बाकीची वाचवायची होती, खाला. वासरू हाय घरी. मी काय करू, सांगा."

"मी काय बोलले का तुला?" ती म्हणाली. "मी काहीच बोलले न्हाई. त्यायच्या कानाखाली खाजव. तिथं आवडतं त्यायला."

तिसऱ्या दिवशी दुपारी हौश्या गेला. मी तेव्हा तिथंच होतो. एक लांब श्वास टाकला, दुसरा आला नाही. खालानं छत्री मिटली.

जंगलाच्या हद्दीत असं जनावर पुरता येत नाही. खांबांच्या अलीकडं सुदामआप्पाची पडीक जमीन होती. वाडीतले सात-आठ जण कुणी न बोलावता वर आले. खड्डा खणला. मी चुना आणला होता. फांद्यांवर घालून, दोर लावून त्याला खड्ड्यापाशी आणलं. आता उतरवायचं, तेवढ्यात खाला म्हणाली, "थांबा."

तिनं पिशवीतून पक्कड काढली आणि हौश्याच्या पायांशी बसली.

"नाल काढायचे हायेत. आता कुठं चालायचं हाय त्यायला? लोखंड कशाला घेऊन जायचं?"

बैलाचा खूर दुभंगलेला असतो, त्यामुळं एका पायाला नालाच्या दोन पत्र्या असतात. चार पायांच्या आठ. ती एकेक खिळा वाकलेल्या टोकापासून सरळ करायची, मग पकडीत धरून अलगद ओढायची. घाई केली असती तर पाच मिनिटांत झालं असतं. तिनं अर्धा तास लावला. सुजलेल्या पायापाशी आल्यावर तिचा हात थांबला. तिनं तो पाय दोन्ही हातांनी उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि खाली वाकून म्हणाली, "दुखलं तर सांगा, हौशेराव."

कुणी हललं नाही. ज्यांनी फाटकांना तारा बांधल्या होत्या तीच माणसं होती सगळी. पल्लवी तोंड फिरवून दरीकडं बघत राहिली.

आठ पत्र्या निघाल्या. सुदामआप्पानं त्या आपल्या टॉवेलात गुंडाळून घेतल्या. मग सगळ्यांनी हौश्याला खाली उतरवून माती लोटली.

उतरताना मी खालाच्या मागं चालत होतो. वाट अरुंद आहे. पाठमोऱ्या माणसाशी बोलणं सोपं जातं, म्हणून बोललो. "खाला, त्या दिवशी बैठकीत मी चुकलो. तुम्हाला अडवायची गरज नव्हती. मला ठाऊक होतं."

ती चालतच राहिली. न वळता म्हणाली, "मला बी ठाऊक होतं. तू वहीत बघून बोललास ना. वहीत तर काहीच लिहेल नव्हतं."



वाडी आली. माझी गाडी शाळेपाशी उभी होती. मी तिकडं वळायला लागलो तशी ती म्हणाली, "चहा घेऊन जा."

मी तिला इतकी वर्षं ओळखतो. दर वेळी भेटलो ते कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यात. तिच्या घरी मी कधी गेलो नव्हतो, तिनंही कधी बोलावलं नव्हतं. शेवटच्या घराची कडी तिनं काढली. कडी गंजून घट्ट बसली होती, दोनदा हिसका द्यावा लागला. आत एकच खोली. भिंतीशी गुंडाळलेली गोधडी, कोपऱ्यात शेळीचा पाला. ती चुलीपाशी गेली, पुन्हा दाराशी आली, मग फळीकडं गेली. चहापत्ती सापडली. साखर सापडेना. "इथंच होती की," ती पुटपुटली. एक डबा उघडला, त्यात खिळे. दुसरा उघडला, त्यातही खिळे. कप काढायला तिनं ट्रंक उघडली. कागदात गुंडाळलेले सहा कप निघाले, कधी न वापरलेले. तिनं एक पुसला, मग जरा थांबून दुसराही पुसला.

पाहुणा मी की ती, असं वाटावं अशी ती त्या खोलीत वावरत होती. कुठं काय आहे हे तिचं तिलाच आठवत नव्हतं. सगळा दिवस दुसऱ्यांच्या गोठ्यांत गेल्यावर घर फक्त पाठ टेकायला उरतं. आणि डोंगरावर जायच्या आधीचे दोन आठवडे, दारोदार तारा बांधलेल्या असताना, ती याच खोलीत बसून होती.

साखर सापडलीच नाही. बिनसाखरेचा चहा तिनं माझ्यापुढं ठेवला आणि स्वतः उंबऱ्यावर जाऊन बसली.

"आत बसा ना, खाला," मी म्हणालो.

"इथं बरं हाय. आत ते न्हाईत," ती म्हणाली. मी बिचकलो. मग लक्षात आलं, या खेपेला 'ते' म्हणजे कादरभाई. माणसांतल्या एकाला तरी ती 'ते' म्हणत होती.

आम्ही चहा पीत होतो. तेवढ्यात वाटेवर सुदामआप्पा आला. अंगावर अजून खड्ड्याची माती. तो उंबऱ्यापासून दोन हात लांब थांबला, घसा साफ केला.

"खाला, वासरू जरा लंगडून राह्यलंय. मागचा खूर. फाटकाची तार काढली मी. येता का बघायला?"

खालाचा हात आपोआप पिशवीकडं गेला. तिनं पिशवी उचलली, उठू लागली. मग तिनं वळून माझ्याकडं पाहिलं, माझ्या हातातल्या अर्ध्या कपाकडं पाहिलं आणि पुन्हा खाली बसली.

"उद्या सकाळी येते," ती सुदामआप्पाला म्हणाली. "आज घरी पाहुणा हाय."

सुदामआप्पा मान हलवून गेला. मला आणखी तीन गावं करायची होती. फोन दोनदा वाजून गेला होता. मी उरलेला चहा संपवून कप तिच्यापुढं केला आणि म्हणालो, "खाला, अजून एक कप मिळेल का?"